सहा सिलिंडरचा डायल, चार सिलिंडरचं इंजिन

(जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर, अंबडमधल्या एका वर्कशॉपच्या आवारात केलेलं भाषण, थोडं संपादित.)

मंडळी, नमस्कार. रविवारी सकाळी नाशिककराला मिसळीपासून लांब बसवणं हा गुन्हाच आहे, तेव्हा लांबण लावत नाही.

विषय आरपीएम मीटरचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं ते दाखवणाऱ्या डायलचा. अ‍ॅम्बॅसॅडर काय, पद्मिनी काय, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत तो नसायचाच. इंजिनचा वेग कानानं ओळखायचा. पण इंजिन बदललं की कान फसतो. माझ्या अ‍ॅम्बॅसॅडरचं मूळ १४८९ सीसीचं इंजिन काढून मी भंगारात निघालेल्या दुसऱ्या अ‍ॅम्बॅसॅडरचं १८१७ सीसीचं इसुझू बसवलं. आवाज वेगळा, थरथर वेगळी, गिअर कुठं टाकायचा ते कळेना. म्हणून मीटर हवा होता. शिवाय डॅशबोर्डवर काळा गोल डायल झकास दिसतो, हेही कबूल करतो.

मुंबईत चोरबाजारात स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा एक जुना डायल मिळाला. बारा व्होल्टचा, निगेटिव्ह अर्थचा, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाड्यांचा. प्लगला स्पार्क पुरवणाऱ्या कॉइलच्या निगेटिव्हला एक वायर जोडायची, झालं. चावी फिरवली, काटा उठला, आणि मी लहान मुलासारखा खूश. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, बरोबर ८५० वर लावलं.

दुसऱ्या दिवसापासून दुखणं सुरू. चावी काढून घेतली तरी इंजिन आठ-दहा ठोके देऊनच थांबायचं. कार्बोरेटरचं किट बदललं. स्पार्कचं टायमिंग मागे घेतलं. पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणून पंप बदलला. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, आयडलिंग चढं वाटतंय.’ मी त्याला डायल दाखवला: बघ, ८५०! तो गप्प झाला. शिकलेल्या माणसाकडे मीटर असला की मिस्त्री गप्पच होतो, आणि तिथंच घात होतो.

माझी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, मेंटेनन्सला. कुठलंही मीटर संशयास्पद वाटलं की ते आधी टेबलावर घ्यायचं, ही तिथली सवय. ती स्वतःच्या गाडीला लावायला मला दोन महिने लागले!

आता हिशोब बघा. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चार सिलिंडरला एका फेरीत २ स्पार्क, सहाला ३, आठाला ४. मीटर फेऱ्या मोजतच नाही. तो स्पार्क मोजतो आणि आत ठरलेल्या आकड्यानं भागतो. तो आकडा तुमच्या इंजिनाचा आहे की दुसऱ्याच्या, हे डायलच्या तोंडाकडे बघून कळेलच असं नाही.

तपासायला फार काही लागत नाही. घरातल्या सॉकेटमध्ये ५० हर्ट्झ येतात. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. आपल्या कामाला एवढा काटेकोरपणा भरपूर झाला. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, पुढे एक डायोड, आणि पल्स खणखणीत व्हावा म्हणून एक ट्रान्झिस्टर. (२३० व्होल्टची बाजू नीट झाका. डायल पुन्हा मिळतो.) एका डायोडनं सेकंदाला ५० पल्स मिळतात, मिनिटाला ३०००. चार सिलिंडरच्या डायलनं १५०० दाखवायला हवेत. डायोडच्या जागी ब्रिज (चार डायोडची जोडणी) टाकला की पल्स १०० होतात, काटा ३००० वर जायला हवा. काही जुने डायल एवढ्याशा पल्सला दाद देत नाहीत, त्यांना कॉइलचा शेकडो व्होल्टचा झटका लागतो. माझ्या डायलनं दाद दिली. काटा १००० वर जाऊन बसला. ब्रिज लावला, तर २०००.

दोन्ही वेळा बरोबर दोन-तृतीयांश. डायल सहा सिलिंडरचा! म्हणजे माझं ८५० चं आयडलिंग खरं तर १२७५ होतं. तेवढ्या वेगात असलेलं इंजिन चावी काढल्यावर ठोके देत राहिलं, तर त्यात कार्बोरेटरचा काय दोष? आणि कसारा घाटात काट्यावर २६०० बघून मी निर्धास्त चढायचो, तेव्हा बिचारं इसुझू ३९०० वर ओरडत होतं. मिस्त्रीकडे जाऊन माफी मागितली. किटचे पैसे गेले ते गेलेच.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली. आतलं सर्किट दर स्पार्कला ठरावीक लांबीचा एक पल्स काढतं आणि काटा त्यांची सरासरी दाखवतो. ती लांबी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून ठरवतात. स्पार्क तीनाचे दोन झाले, तर पल्स दीडपट लांब हवा, म्हणजे रेझिस्टर दीडपट. मागच्या छोट्या प्रीसेटनं, म्हणजे स्क्रूनं फिरवायच्या रेझिस्टरनं, एवढा फरक भरून निघत नाही. तो शेवटची चूक काढायला. १५०० आणि ३००० दोन्ही ठिकाणी जुळवा. एकाच ठिकाणी जुळवून डायल बंद करणारे खूप बघितलेत.

दुसऱ्या जातीही आहेत. स्मिथ्सच्या डायलवर ‘आरव्हीआय’ लिहिलेलं असेल तर तो व्होल्टेज बघत नाही, करंट बघतो. कॉइलला जाणारी वायरच त्यातून वळसा घेऊन जाते. पॉझिटिव्ह अर्थच्या काळातला असेल तर वळशाची दिशा उलटावी लागते. ‘आरव्हीसी’ असेल तर वायर कॉइलच्या निगेटिव्हला. केबलवर चालणारा डायल असेल तर नव्या इंजिनावर केबल फिरवायला जागाच नसते बहुधा, तो नाद सोडा. आजचं एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारं) इंजिन टाकणार असाल तर बहुधा प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल. ईसीयूची, म्हणजे त्या कॉम्प्युटरची, आरपीएमचा सिग्नल देणारी टॅको वायर शोधावी लागते, आणि तिचा ५ किंवा १२ व्होल्टचा सिग्नल जुन्या डायलला पुरत नाही, मध्ये अ‍ॅडाप्टर लागतो.

महिंद्राच्या गावात जुन्या जीपना डिझेल इंजिन बसवलेली मंडळी भरपूर, त्यांच्यासाठी थोडं. डिझेलला कॉइलच नाही, मग सिग्नल बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून घ्यायचा. बारा पोलचा अल्टरनेटर एका फेरीत ६ पल्स देतो. पुलीचं प्रमाण दुप्पट धरलं, म्हणजे इंजिनाच्या एका फेरीत अल्टरनेटरच्या दोन, तर इंजिनाच्या एका फेरीला १२. कॉइलचा डायल २ ची अपेक्षा धरून बसलेला. ८०० च्या आयडलिंगला तो ४८०० दाखवायला बघेल! म्हणून डब्ल्यूसाठी बनवलेला, जुळवता येणारा डायलच घ्या, आणि पट्टा घसरत असेल तर आधी पट्टा.

आरटीओचं एका वाक्यात: इंजिन बदलण्याआधी परवानगी, नंतर आरसीवर नोंद, आणि २०२१ च्या नियमांखाली पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर मूळ इंजिनाला हातच लावू नका.

ट्रान्सफॉर्मर त्या टेबलावर मांडून ठेवलाय. ज्यांनी डायल आणलेत त्यांनी एकेक करून या. आणि बाहेर ती हिरवी जीप ज्यांची आहे, त्यांनी बॉनेट उघडून ठेवा, तुमच्या दोन्ही पुल्या मोजायच्या आहेत.