घेर कुठून येतो?

नमस्कार श्रोतेहो. नीट बसणाऱ्या, बिनबाह्यांच्या एखाद्या टॉपचा कागदी पॅटर्न तुमच्याकडे आहे का? बगलेखालून छातीच्या उंचवट्याकडे जाणारा टक्स, म्हणजे कापड दुमडून शिवायची निमुळती चुणी, त्यात असेल तर फारच छान. त्याच कागदातून गुडघ्यापर्यंतचा साधा, घेरदार ड्रेस निघतो.

मूळ पॅटर्न कापू नका, दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या. एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्यानं १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले आणि घरी शिवणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण छापील माप ठरावीक बांध्याचं असतं. म्हणून छाती, कंबर, सीट मोजून कागदाशी ताडून पाहा. इथे एक हिशेब हमखास चुकतो. कागदावर पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा भाग असतो. त्यामुळे दोन्हींच्या बाजूच्या कडेला अर्धा इंच वाढवलात, की अंगावर २ इंच वाढतात. मी पहिल्या खेपेला २ इंच हवेत म्हणून कडेलाच २ इंच वाढवले होते. ड्रेस ८ इंच ढगळ झाला, आणि तो उसवून पुन्हा शिवताना हा हिशेब कायमचा डोक्यात बसला.

आता घेर. बरेच जण बाजूची रेघ खाली तिरकी नेतात. मग सगळा घेर दोन्ही कुशींना गोळा होतो आणि पुढून कापड सपाटच राहतं. त्यापेक्षा टक्सकडे वळा. आधी खाली कागद चिकटवून ड्रेसची उंची पूर्ण करा. मग खालच्या कडेपासून टक्सच्या टोकापर्यंत सरळ उभी रेघ मारा आणि ती कापत वर जा. टक्सची एक रेघही कडेपासून टोकापर्यंत कापा. टोकाशी मात्र केसभर कागद जोडलेला राहू द्या. आता टक्सच्या दोन्ही रेघा एकमेकींवर आणा. वरची फट मिटते आणि खालचा कागद पंख्यासारखा आपोआप उघडतो! टक्स ५ इंच लांब आणि कडेशी १ इंच रुंद असेल, तर टोकापासून ३० इंच खाली ही नवी फट ६ इंच होते. हा झाला अर्ध्या भागाचा हिशेब. घडीवर कापलेल्या पुढच्या पूर्ण भागाला १२ इंच घेर मिळाला, छातीला हवी ती जागा तशीच राहिली आणि टक्स शिवायचं कामही वाचलं. टक्समध्ये दुमडलं जाणारं कापड फक्त खाली उतरलं. शिवणकामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

पाठीला खालून मुंढ्यापर्यंत, म्हणजे हात घालायच्या गोलाईपर्यंत, चीर देऊन साधारण तेवढीच फाकवा. पुढच्या आणि मागच्या बाजूच्या शिवणी सारख्या लांबीच्या आहेत ना, हे टेपनं मोजून घ्या. खालची कड सलग गोलसर करा आणि माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला जास्तीचं कापड, धरायला विसरू नका.

चेन लावायची नसेल तर डोक्याचा घेर मोजा. गळा त्याहून लहान भरत असेल तर पाठीवर छोटी फट ठेवून बटण लावा. मुंढा काचतो म्हणून तो खोल कापायचा मोह होतो, पण घाई नको. बिनबाह्यांच्या ड्रेसचा मुंढा फार खोल गेला, की बगलेशी तो उघडा पडतो आणि आतले कपडे दिसतात. आधी मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा नमुना कच्च्या टाक्यांनी शिवून, घालून, हात वर करून पाहा. खरं कापड त्यानंतरच कापा. सुती असेल तर धुऊन, इस्त्री करून.

शिवून झाल्यावर लगेच खालची दुमड घालू नका. घेराचा काही भाग तिरक्या धाग्यावर येतो आणि तो लोंबून खाली उतरतो. ड्रेस रात्रभर हँगरला लटकवा. सकाळी तो अंगावर घाला, कुणाला तरी जमिनीपासून सगळीकडे सारखं अंतर मोजून खुणा करायला सांगा आणि त्या खुणांवर दुमड घाला.

नमस्कार.