लाल दिवा मोजताना

(दृश्य: जिन्याखालची मीटर खोली. टॉर्चचा झोत एका मीटरवर थांबतो.)

पुण्या-ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांत जिन्याखाली अशी एक जागा असतेच. जळमटं, कुणाची तरी पंक्चर सायकल आणि भिंतीवर ओळीने मीटर. भाड्याच्या फ्लॅटचं वीजबिल अचानक दुप्पट झालं की आधी घरमालकाला फोन जातो, मग गिझरवर संशय येतो. त्याआधी बिल हातात घेऊन इथे उतरायला हवं.

बिलावरचा मीटर क्रमांक मीटरच्या पाटीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. ऑइलपेंटने लिहिलेल्या फ्लॅट नंबरवर जाऊ नका. मीटर बदलून जातो, रंगवलेला नंबर तिथेच राहतो. मग स्क्रीनवर आकडे फिरू द्या. ज्यापुढे केडब्ल्यूएच दिसेल, ते रीडिंग. बिलातल्या ‘चालू रीडिंग’पेक्षा ते कमी भरलं, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही. रीडिंग चुकीचं घेतलंय. फोटो काढा आणि तक्रार नोंदवा.

रीडिंगच्या जागी ‘लॉक’, ‘फॉल्टी’ किंवा ‘आरएनए’ (रीडिंग उपलब्ध नाही) छापलंय का, तेही बघा. म्हणजे मीटर वाचलेलाच नाही, बिल सरासरीने काढलंय. अशी दोन-तीन बिलं गेली की खरं रीडिंग एकदम येतं आणि आकडा फुगतो. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. त्यामुळे तीन महिन्यांचे साचलेले युनिट तीन महिन्यांत विभागूनच दर लागला पाहिजे. विभागले नसतील तर फरक मागून घ्यायचा.

(दृश्य: मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा, अगदी जवळून.)

कागद बरोबर निघाला, तर आता हा दिवा. मीटरवर बारीक अक्षरांत ‘३२०० इम्प’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. काही मीटरवर हा आकडा १६०० असतो, म्हणून आधी वाचून घ्या.

घरातला फ्रिज, इन्व्हर्टर, वायफाय, सगळं बंद करून फक्त १५०० वॅटची इलेक्ट्रिक किटली लावा. एकाने वर थांबायचं, एकाने खाली. ३२०० वाल्या मीटरवर मिनिटाला साधारण ८० वेळा दिवा लागायला हवा, १६०० वाल्यावर त्याच्या निम्मे. व्होल्टेज कमी असेल तर ८० ऐवजी ७० च्या आसपासही येईल. ८० च्या जागी ११० आले, तर मीटर पळतोय असं म्हणायला जागा आहे.

आता वरच्या पॅनेलमधले छोटे एमसीबी (आपोआप पडणारे स्विच) सगळे पाडा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. पाच मिनिटं थांबा. दिवा गप्प राहिला तर एमसीबीपर्यंतचं वायरिंग ठीक, आता उपकरणं तपासायची. दिवा लुकलुकतच राहिला तर मेनही पाडा. तरीसुद्धा लुकलुकतोय? मग मीटर आणि तुमचं घर यांच्या मधूनच कुणीतरी वीज घेतंय. छोट्या इमारतीत जिन्याचे दिवे किंवा पाण्याचा पंप एखाद्या भाडेकरूच्या मीटरवर जोडलेला सापडतो. किंवा दोन घरांच्या वायरी अदलाबदल झाल्यात आणि तुम्ही शेजाऱ्याचं बिल भरताय.

मेन पाडल्यावर थांबला आणि नुसते एमसीबी पाडून थांबत नव्हता, तर गोष्ट बहुतेक न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीची, असते. हे भल्याभल्या वायरमनच्या ध्यानात येत नाही. चोरी पकडता यावी म्हणून हे मीटर फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट बघतात आणि जास्त असेल तो मोजतात. इन्व्हर्टर बसवताना कुणी दोन घरांचे न्यूट्रल एकत्र जोडले, की शेजाऱ्याचा परतीचा करंट तुमच्या मीटरमधून जातो आणि तुमच्या नावावर चढतो. मीटरवर ‘ईएल’ लिहिलेला दिवा सतत लागून असेल, तर हाच संशय घ्यायचा, किंवा कुठेतरी अर्थला गळती आहे असा. परवानाधारक वायरमनकडून क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजणारं यंत्र, लावून बघा. मीटरच्या सीलला मात्र कुणालाच हात लावू देऊ नका. सील तुटलेलं दिसलं की तक्रारदारालाच उत्तरं द्यावी लागतात.

उपकरणांचा हिशोब त्यामानाने सोपा. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. गिझरचा दिवा कधी विझतच नसेल तर थर्मोस्टॅट चिकटलाय. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. तो सहज निसटला तर रबर गेलंय. बारा वॅट खाणारा सेट-टॉप बॉक्स अहोरात्र चालू राहिला तर महिन्याला साडेआठ युनिट होतात. एकट्याने बिल दुप्पट करण्याची ताकद त्याच्यात नाही.

(दृश्य: अर्जावर पोच घेणारा हात.)

तक्रार १९१२ वर करता येते, पण लेखी अर्ज देऊन पोच घेतलेली बरी. त्यात मीटर तपासणी स्पष्ट शब्दांत मागा. ग्राहक म्हणून नाव घरमालकाचं असतं, तेव्हा त्याचं सहीचं पत्र जोडा. दरम्यान वीज तुटू नये यासाठी विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरायची. मीटर सदोष निघाला तर वाद उद्भवला त्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांची बिलं दुरुस्त होतात. म्हणून वर्षभर वाट बघणं महागात पडतं. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यापुढे विद्युत लोकपाल.

बिलात ‘थकबाकी’ दिसली तर ती कधीची हे घरमालकाला विचारा. अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, तेही त्यानेच भरायचं. ठेव त्याच्या नावावर जमा होते, व्याजही त्यालाच मिळतं. आणि किल्ली हातात येईल त्या दिवशी मीटरचा फोटो, क्रमांक आणि रीडिंग दिसेल असा, घरमालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. घर सोडताना तसाच दुसरा.