पाय धुवायला गेलेली पोरं

नमस्कार श्रोतेहो, आणि आपल्या मंडळीतलं जे कोणी ऐकत असेल त्यांना सलाम. आज बोलायचंय आमच्या नगरकडच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातल्या पोरापोरींबद्दल, ही मुलं आफ्रिकेत, युगांडाला मिशन ट्रिपला जाऊन आली, आणि मोठं कोणीतरी सोबत हवं म्हणून मीही गेले होते.

निघायच्या आधी घरोघरी एकच प्रश्न, तिकडे जाऊन येशूची सुवार्ता सांगणार कोणाला? प्रश्न अगदी बरोबर आहे. युगांडात दहातली आठ माणसं तर ख्रिस्तीच आहेत. 1877 साली तिथे इंग्लंडचे मिशनरी पोचले, 1879 ला कॅथलिक फादर आले, आणि दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती तोच 3 जून 1886 ला नामुगोंगो इथे राजाच्या पदरी असलेल्या तरुण पोरांना जिवंत जाळलं, का तर विश्वास सोडायला तयार नाहीत म्हणून. त्यातले काही तर आमच्या पोरांपेक्षाही लहान होते हो! आज 3 जूनला देशभर सुट्टी असते आणि लोक कुठून कुठून पायी चालत नामुगोंगोला येतात. हुकूमशहा इदी अमीनच्या काळातलं तर कितीतरी जणांना अजून आठवत असेल. आर्चबिशप जनानी लुवुम यांनी सरकारच्या जुलमाविरुद्ध आवाज उठवला आणि फेब्रुवारी 1977 मध्ये त्यांना मारून टाकलं. ज्या मंडळीने एवढं सोसलंय तिला आपण जाऊन विश्वास शिकवायचा, ही भाषाच मला पटत नाही. म्हणून मी पोरांना आधीच सांगितलं होतं, तिथला पाळक सांगेल ते काम करायचं, आपल्या मनाचं नाही.

आम्ही होतो बुसोगा भागात, जिंजाच्या पुढे. जिंजा म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी निघते ते गाव, तिथे 1948 साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित केला होता, तिथे त्यांचा अर्धपुतळा पण आहे. तिथून पुढे निघालं की दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस, काकिराला मधवानी घराण्याचा मोठा साखर कारखाना आहे. उसाचे ट्रक बघून आमची पोरं एकदम खूश, कारण हे तर घरच्यासारखंच. चपाती पण मिळते रस्त्यावर, भारतीयांबरोबर गेली आणि तिथलीच झाली, आत अंड्याचं ऑम्लेट घालून गुंडाळून देतात.

आता काम काय होतं ते सांगते. तिथे एक पिसू असते, जिगर्स म्हणतात तिला. कोरड्या मातीत, घरातल्या धुळीच्या जमिनीत राहते आणि तिची मादी माणसाच्या कातडीत शिरते, बहुतेक करून पायाच्या बोटांमध्ये, नखाखाली, टाचेत, आणि आत बसून अंड्यांनी फुगत जाते, वाटाण्याएवढी होते. एकदोन असल्या तर घरीच काढतात, पण ज्यांच्या घरात जमीन उखडलेली, पायात चप्पल नाही, म्हातारं माणूस नाहीतर लहान लेकरू, त्यांच्या पायाला अशा कितीतरी असतात. चालता येत नाही, शाळा सुटते, आणि लाज इतकी वाटते की माणसं पाय दाखवायलाच तयार होत नाहीत.

चर्चच्या अंगणात कॅम्प होता. मुख्य होती तिथलीच नर्स, तिच्या शब्दाबाहेर कोणी जायचं नाही. पोरांनी हापशावरून पिवळ्या जेरीकॅनमध्ये पाणी आणायचं, घमेल्यात ओतायचं, आपल्याकडे विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट त्यात नर्स मोजून टाकणार, मग त्या जांभळ्या पाण्यात पाय भिजवून, साबणाने धुवून, पुसून नर्सकडे द्यायचे. सुई फक्त नर्सच्या हातात आणि आमच्यातल्या नर्सिंग झालेल्या दोघींच्या, बाकी कोणी हात लावायचा नाही. तिथे पोरी-बायका मोठ्या माणसाला गुडघे टेकून नमस्कार करतात, पाहुण्यालासुद्धा. पहिल्या दिवशी आजीच्या वयाच्या बायका समोर गुडघ्यावर बसल्या तेव्हा आमची पोरं अवघडून गेली. आणि कॅम्पमध्ये तीच पोरं त्या आज्यांपुढे मातीत बसलेली, त्यांची टाच मांडीवर घेऊन. येशूने शिष्यांचे पाय धुतले हे आपण दर पवित्र सप्ताहात वाचतो, पण आमच्यातल्या एका मुलाने, एरवी आयटीआयमध्ये वायरमनचं शिकतो, त्याने संध्याकाळी प्रार्थनेत नुसतं एवढंच म्हटलं की प्रभू त्या बाबांना आज झोप लागू दे. मला तेवढी साक्ष पुरेशी वाटते.

नुसते पाय धुवून हे थांबत नाही, परत त्याच जमिनीवर झोपलं की परत तेच. सिमेंटची जमीन सगळ्यात चांगली, पण ती परवडत नाही तोवर सारवून तरी घट्ट ठेवावी लागते. तिथल्या बायका सारवतातच, आणि आमच्या खेड्यावरच्या दोन पोरींना सारवण लहानपणापासून येतं, त्या सरळ त्यांच्यात जाऊन बसल्या, भाषा एक नाही तरी दुपारपर्यंत तीन घरं झाली.

रविवारची उपासना तीन तास चालली आणि कोणी हललं नाही. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी दानाला अंडी आणली, केळ्यांचा घड, ऊस, एकाने जिवंत कोंबडी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. आपल्याकडे हार्वेस्ट फेस्टिवलला असतो तसाच, फक्त तिथे कुठल्याही रविवारी. एका आजीने कोंबडी बोली लावून घेतली आणि आमच्या हातात दिली, पाहुण्यांना म्हणून. आदल्या दिवशी तिचेच पाय धुतले होते.

एक गोष्ट मात्र मी करू दिली नाही आणि परतही करू देणार नाही. कोणीतरी सुचवलं की एका अनाथाश्रमात जाऊ, मुलांशी खेळू, फोटो काढू. अशा आश्रमांतल्या बऱ्याच मुलांचे आईबाप, निदान एक तरी, जिवंत असतात, गरिबीपायी सोडलेलं असतं. पाहुणे येत राहतात, पैसे देत राहतात, म्हणून लेकरं तिथेच ठेवली जातात, आणि दर महिन्याला नवीन माणूस येऊन लळा लावून निघून जातो. आपली पोरं मनाने कितीही चांगली असोत, त्या लेकराचं काय होतं याचा विचार आधी करायला पाहिजे.

परत आल्यावर तरुण संघाची बैठक झाली आणि पोरांनी स्वतःच ठरवलं की पुढच्या वेळी सगळ्यांनी जायचं नाही. नर्सिंग झालेल्या दोघी जातील, कारण त्यांना तिथल्या नर्सने बोलावलंय, आणि बाकीच्यांच्या तिकिटाला जे पैसे लागले असते ते पाळकांकडे जातील, सिमेंटसाठी, गवंडी तिथलेच. दुसऱ्या कुठल्या मंडळीतून कोणी जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा, यलो फिव्हरची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती ठरलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि त्याचं सर्टिफिकेट परत येताना आपल्या विमानतळावरही दाखवावं लागतं, तेव्हा ते पासपोर्टलाच जोडून ठेवा.