गेट वाजलं? 'आत या' म्हटलं तरी आत जाऊ नका!

नमस्कार मंडळी! आवाज नीट येत नसेल तर जरा सांभाळून घ्या, कुडाळात पाऊस धो धो पडतोय आणि माझ्या डोक्यावर पत्रा आहे.

मागच्या वेळी चतुर्थीच्या बाजाराबद्दल बोललो, तर खाली निम्म्या कमेंट भलत्याच. "दादा, पैसे भरले, बिल हातात, तरी दुकानातून बाहेर पडताना दारातलं गेट वाजलं आणि सिक्युरिटीवाल्याने अडवलं. काय करायचं?"

आता ते गेट का वाजतं, हे पटकन. कपड्याला कडक प्लास्टिकचा टॅग असतो, शाम्पू-क्रीमला चपटा स्टिकर. काउंटरवर टॅग चुंबकाने काढतात, स्टिकर पॅडवरून फिरवून बंद करतात. चाकरमान्यांच्या गर्दीत कॅशियरचा हात चुकला की गेट बोंबलतं. त्या गेटला चोर-साव काही कळत नाही हो. चालू टॅग जवळून गेला, एवढंच त्याला समजतं. आणि तो टॅग दुसऱ्या दुकानातला असला तरी वाजतं! माझा एक निळा शर्ट होता, कोल्हापुरातून आणलेला. दोन दुकानांत वाजला. घरी येऊन उलटा केला तर आत शिवणीला पांढरी पट्टी, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. कातरली, विषय संपला.

आता मुद्द्याची गोष्ट. गार्ड तुम्हाला विचारू शकतो, बिल मागू शकतो. दाखवा की, त्यात कसला कमीपणा? पण पुढचं वाक्य येतं ना, "जरा आत या", तिथे पाय रोवायचे. आत जायचं नाही. "इथेच बघा, काउंटरवर." बस.

का सांगतो. माझ्या आईला असंच थांबवलं होतं. दुकानाचं नाव नको. जुलै महिना, पर्समध्ये ओली छत्री, बिलाचा झालेला लगदा. पिशवीत १८० रुपयांची तेलाची बाटली. "मावशी, आत चला." आई गेली. का गेली? लाजेने! चार माणसं बघतायत, त्यापेक्षा आत गेलेलं बरं, असं तिला वाटलं. आत ४० मिनिटं. शेवटी कोणीतरी कॉम्प्युटरवरून बिल परत काढलं, त्यात बाटली होती. सॉरी म्हणाले, चहा विचारला.

पण गंमत बघा. आत नेताना ज्यांनी बघितलं, त्यातला एकही माणूस सॉरी ऐकायला थांबला नव्हता. आई एसटीतून उतरायच्या आधी बातमी वाडीत पोचली होती. "आवशीक आत घेतल्यानी म्हणे?" मुंबईत एखाद्या मॉलमध्ये आत गेलात तर बाहेर तुम्हाला कोण ओळखतं? इथे भाजीवाली ओळखते, कंडक्टर ओळखतो. संशय चारचौघांत घेतला ना? मग तो फिटायलाही चारचौघांतच हवा.

एकाने लिहिलंय, "दादा, लपवण्यासारखं नसेल तर आत जायला काय हरकत?" अरे बाबा, लपवण्यासारखं नाही म्हणूनच बाहेर! काउंटरवर कॅमेरा असतो, चार गिऱ्हाइकं असतात. आतल्या खोलीत कोण काय बोललं, पिशवीत कोणी हात घातला, कसल्या कागदावर सही घेतली, याला साक्षीदार कोण? आणि सही तर अजिबात नको. 'चूक झाली, माफ करा' असं लिहून देऊन सुटका करून घेणारे महाभाग माझ्या ओळखीत आहेत. चूक केलेलीच नाही, तर माफी कसली मागताय?

आता वकिली कमेंटवाले. "सामान्य माणूसही चोराला पकडू शकतो, कायद्यात आहे." आहे ना. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०. पण पूर्ण वाचा. गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, तोही दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा, आणि अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही असा, आणि माणसाला उगाच वेळ न काढता, फार तर ६ तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं. गेट वाजणं म्हणजे डोळ्यांदेखत चोरी नव्हे! शिवाय १ जुलै २०२४ पासून ५,००० रुपयांच्या आतल्या मालाची पहिलीच चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे. आमच्या तेलाची बाटली १८० ची. करा हिशोब.

उलट काही कारण नसताना वाट अडवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, खोलीत अडकवून ठेवलं तर १२७. म्हणजे परत तेच आलं, आतली खोली. अंगझडती तर गार्डने घ्यायचीच नाही, तो पोलीस नव्हे. पिशवी स्वतःच्या हाताने उघडा, वस्तू स्वतः बाहेर काढा. बिल हरवलं असेल तर काउंटरवर परत काढायला सांगा, यूपीआयचा मेसेज दाखवा, त्यावर वेळ असते. तरीही अडून बसले तर शांतपणे म्हणा, "पोलिसांना बोलवा, नाहीतर मी ११२ लावतो." बहुतेक वेळा एवढ्यावरच मॅनेजर धावत येतो.

फक्त त्या गार्डवर ओरडू नका हो. मला शेवटचं थांबवलं तो पोरगा आमच्या पलीकडच्या गावचा निघाला. १२ तास उभा, बसायला स्टूल नाही, आणि माल गेला तर बोलणी त्यालाच. आवाज चढवायचाच असेल तर मॅनेजरसमोर चढवा.

आई आता काय करते, सांगतो. बिलं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवते. मागच्या महिन्यात परत गेट वाजलं. गार्ड म्हणाला, "मावशी, आत..." आई म्हणाली, "आत कित्याक? हयच बघ." आणि पिशवी काउंटरवर उपडी केली. त्यात बाजारातून घेतलेले सुके बांगडे होते, अर्धा किलो, कागदात सैल गुंडाळलेले. एसीचं दुकान ते! मॅनेजर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "जावा मावशी, जावा."

आई गेली नाही. आधी बिलाशी एकेक वस्तू जुळवून घेतली, बांगडे सोडून.