पिंजऱ्यांबाहेरची राणीबाग

(भायखळा, सकाळ. प्रवेशद्वारातून आत येणारी गर्दी.)

राणीबाग म्हटलं की मुंबईकराला वाघ आठवतो, हल्लीच्या मुलांना पेंग्विन. पण ही जागा मुळात वनस्पती उद्यान. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली. प्राणी मागाहून आले. आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावानं ती ओळखली जाते.

(कैलासपतीचं खोड, जवळून.)

हा कैलासपती, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. फुलं फांदीच्या टोकाला नाहीत, थेट खोडावर लगडलेली. फुलात डोकावलं की पिंडीवर नागानं फणा धरल्यासारखं दिसतं. या फुलात मध नसतो. भुंगे येतात ते परागकणांसाठी. फण्याच्या भागातले पराग त्यांना खायला. खालच्या कड्यातले अंगाला चिकटतात, पुढच्या फुलाकडे जातात आणि त्यांनी फळ धरतं. पाहुणचारही झाला, कामही झालं! झाडाची ही हुशारी पाहायला इथं दहा मिनिटं थांबाच.

(गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा.)

आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच. हिची मोठी पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. मायदेशी तिचं परागीभवन फलाहारी वटवाघळं करतात. राणीबागेतही उंच झाडांवर वटवाघळं दिवसभर उलटी टांगलेली असतात. त्यांना कुणी आणलं नाही, कुणी कोंडलं नाही. घारी, बगळे, तांबट यांचंही तसंच. तिकीट काढून आलेल्यांनी मान वर करून यांनाही पाहावं.

(बागेतल्या पायवाटा. झाडांना पाणी घालणारे माळी.)

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या कायापालटाचा मोठा आराखडा पुढे आला आणि जुन्या झाडांचं काय होणार, ही चिंता पसरली. तेव्हा मुंबईतल्या काही महिला पुढे सरसावल्या. नुसता निषेध करून त्या थांबल्या नाहीत. झाडं ओळखली, त्यांच्या नोंदी केल्या, कागदपत्रं धुंडाळली. अखेर तो आराखडा मागे पडला. आज आपण या सावलीत चालतो, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. माळ्यांचा तर रोजचाच.

(उर्वशीचे लोंबते लाल घोस.)

आणि ही उर्वशी, म्यानमारची. तिथल्या रानात आता ती फारच दुर्मीळ झाली आहे. भायखळ्यात मात्र लोकलच्या तिकिटावर जाऊन तिचा बहर पाहता येतो. झाडाखाली पडलेली फुलं खुशाल हातात घ्या. फांदीवरची तेवढी राहू द्या.