तीन किल्ल्या लागणारं फाटक

अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी आणि दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले माझे दूरदर्शी मित्र,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘मालक, कामगार आणि शासन यांच्यातील संवाद व शाश्वत विकास’. एवढं वाचूनही आपण आलात, म्हणजे आपली सहनशक्ती तरी शाश्वत आहे. मला मात्र आज एका फाटकाबद्दल बोलायचंय. किती वर्षं ते मनात घेऊन हिंडतोय, पण ऐकणारं सभागृह सापडत नव्हतं. विषयाकडे मी येईन. शब्द दिलाय.

जिनिव्हाला तळ्याकाठी १९२६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची इमारत उभी राहिली. संघटना त्याच्या सात वर्षं आधीची, १९१९ची. पहिलं महायुद्ध संपल्यावर व्हर्सायला जो तह झाला, त्याच्या पोटातच तिचा जन्म. विचार करा, एकाच कागदावर सीमा कुठे आखायच्या, जर्मनीनं भरपाई द्यायची, आणि कामाचे तास किती असावेत! आजच्या एखाद्या परराष्ट्र सचिवाला हे सांगितलं तर तो म्हणेल, पानं चुकून एकत्र बांधली गेली असावीत. पण तह करणारे भाबडे नव्हते. रशियात क्रांती झालेली, आघाडीवरून परतलेले लाखो सैनिक काम मागत असलेले. भीती ही संवादाची फार जुनी प्रायोजक आहे, आणि तिचं नाव कुठल्याही फलकावर नसतं.

तर त्या इमारतीच्या फाटकाला तीन किल्ल्या केल्या होत्या. एक सरकारांची, एक मालकांची, एक कामगारांची. कल्पना अशी, की तिघं आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. मला त्यात नेहमी तो लोहार दिसतो. ‘साहेब, घरात माणसं एवढी आहेत, की एकमेकांवर विश्वासच नाही?’ असं तो मनातल्या मनात तरी म्हणाला असेलच. माझं उत्तर आहे, हो बाबा, विश्वास नाही म्हणूनच. विश्वास असता तर कडी पुरली असती. अर्थात रोज तिघांना गोळा करून फाटक उघडायचं म्हटलं असतं, तर झाडूवाल्याला दुपारशिवाय आत पाऊल टाकता आलं नसतं. प्रतीकांची हीच अडचण. सकाळची कामं त्यांच्याच्यानं होत नाहीत.

फाटकाच्या आतला हिशेब तर आणखी गमतीचा. या संघटनेच्या वार्षिक परिषदेत प्रत्येक देशाची चार मतं असतात. दोन सरकारची, एक मालकांचं, एक कामगारांचं. आणि चौघं आपापलं मत स्वतंत्रपणे देतात. एकाच देशाच्या पाटीमागे बसलेला कामगार आपल्याच मंत्र्याच्या विरोधात मत देऊ शकतो, आणि मालकांचा माणूस दोघांच्याही. संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या गोतावळ्यात असं दुसरं घर नाही. बाकी सगळीकडे देश म्हणजे सरकार. इथे देश म्हणजे भांडण, पण खुर्च्यांवर बसवलेलं.

पुढे काय झालं ते ऐका, माझा खरा आनंद त्यातच आहे. सत्तरच्या दशकात संघटना नव्या, मोठ्या इमारतीत गेली आणि जुन्या घरात व्यापारवाले राहायला आले. आधी गॅट, म्हणजे व्यापार आणि जकातीचा करार सांभाळणारे, आता जागतिक व्यापार संघटना. भिंतींवर श्रमाची, कामगारांची मोठमोठी चित्रं होती. ती काही उतरवली, काही झाकली. बऱ्याच वर्षांनी आवरणं निघाली आणि मजूर पुन्हा भिंतीवर हजर! आज व्यापाराच्या वाटाघाटी त्यांच्या नजरेखाली चालतात. (पुढच्या रांगेतले साहेब हसले. ते व्यापार मंडळाचे असावेत. हसा, हसा, किल्ली तुमच्याकडेही आहे.)

आता माझी तक्रार. तरुणपणी मी एका कारखान्यात होतो. नाव सांगणार नाही. तिथे ऊर्जाबचतीसाठी संयुक्त समिती नेमली आणि मी तिच्यात कामगारांचा प्रतिनिधी झालो. निवडून आलो असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे मी उंच असल्यामुळे सुपरवायझरला गर्दीत पहिला दिसलो. सभा तीनला. मी हौशीनं अडीचलाच जाऊन बसलो. टेबलावर प्रत्येकाच्या नावाची फाइल मांडलेली. मी आपली उघडली, तर आत त्याच सभेचं इतिवृत्त. टाइप केलेलं. ‘सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर.’ सूचक एक अधिकारी. अनुमोदक आमच्या रंगखात्यातले एक गृहस्थ, जे त्या दिवशी रजेवर होते. आणि शेवटी मी केलेल्या मौलिक सूचनांबद्दल माझे आभार! त्या सूचना काय होत्या, हे मी पुढचा अर्धा तास त्या फाइलमध्ये फार उत्सुकतेनं शोधलं.

ठराव होता, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात सगळी यंत्रं बंद ठेवायची. भट्टीसकट. भट्टीवर काम करणारा कुणीही पाच मिनिटांत सांगू शकला असता, की रोज गार-गरम, गार-गरम केली की भट्टीच्या आतल्या विटांना तडे जातात. त्याला विचारायला तो समितीत हवा होता, आणि इतिवृत्त कोरं हवं होतं. दोन महिन्यांनी वीज वाचली आणि भट्टी गेली. त्यावर चौकशी समिती नेमली. तिच्यात मला घेतलं नाही, एवढीच माझी व्यक्तिगत व्यथा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, ‘दहा मिनिटे’. मोजून चौथ्यांदा त्यांनी घड्याळही पाहिलंय. तेव्हा आता पत्रिकेवरचा विषय, जरा धावत.

पहिला मुद्दा माहितीचा. भट्टीच्या गोष्टीत विटा गेल्या. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली, तिथे अकराशेहून अधिक माणसं गेली. तडे आदल्या दिवशीच दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद राहिली. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर या म्हणून सांगितलं गेलं. त्यांना तडे दिसत होते, ‘नाही’ म्हणायची ताकद नव्हती. त्यानंतर कामगार संघटना आणि परदेशी ब्रँड यांच्यात जो करार झाला, तो कायद्यानं बांधणारा होता आणि त्यात धोकादायक इमारतीत काम नाकारण्याचा हक्क लिहिलेला होता. तपासनीस आधीही येत होते. आता दिसलेला तडा बोलून दाखवणाऱ्याच्या पाठीशी काहीतरी उभं राहिलं.

दुसरा मुद्दा तोट्याच्या वाटणीचा. २०१८च्या शरद ऋतूत शेजारशेजारच्या दोन देशांत दोन गोष्टी घडल्या. स्पेनमध्ये सरकार, खाणमालक आणि कामगार संघटना यांनी कोळशाच्या बहुतेक खाणी बंद करण्याचा करार केला. ४८ वर्षांवरच्या खाणकामगारांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना नवं प्रशिक्षण, खाणपट्ट्यासाठी गुंतवणूक, असा २५ कोटी युरोंचा हिशेब. जवळपास त्याच आठवड्यांत फ्रान्समध्ये हवामानाच्या नावानं इंधनावरचा कर वाढणार होता. गाडीशिवाय कामावर पोचूच न शकणारी माणसं पिवळी जाकिटं घालून चौकाचौकांत उतरली आणि डिसेंबरात सरकारनं वाढ मागे घेतली. दोन्हीकडे हेतू एकच होता, पृथ्वीचं भलं. पण बिल कुणाच्या नावावर फाडायचं, हे स्पेननं आधी बसून ठरवलं.

कुणी म्हणेल, बसून ठरवण्यात वेळ जातो. जातो! जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणी २०१८पर्यंत बंद करायच्या, हे सरकार, कंपनी आणि कामगार संघटना यांनी २००७मध्ये ठरवलं. शेवटची खाण डिसेंबर २०१८मध्ये बंद झाली, सक्तीनं कुणालाही घरी न पाठवता. त्यासाठी अनुदानाचा पैसा प्रचंड ओतला गेला आणि तितकी वर्षं कोळसा निघतही राहिला. हवामानवाले यावर चिडतात, आणि ते चूक नाहीत. मालक आणि कामगार गळ्यात गळे घालून धुरांडं वाचवतात, असंही पुष्कळदा होतं. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुन्टलँड आयोगानं शाश्वत विकासाच्या व्याख्येत भावी पिढ्यांचं नाव घातलं. पण भावी पिढ्यांची युनियन नाही. वर्गणी कोण भरणार? म्हणून टेबलावर सरकार लागतं. त्यानं तिथे पंचाचं काम करू नये, गैरहजर लोकांच्या वतीनं भांडावं.

घाईत आणखी एक. २०१५मध्ये जगानं १७ शाश्वत विकास उद्दिष्टं स्वीकारली, त्यातलं आठवं सन्मानाच्या कामाचं. २०१८मध्ये श्रम संघटनेनंच अंदाज मांडला, की धोरणं नीट आखली तर हरित अर्थव्यवस्थेत २०३०पर्यंत सुमारे २ कोटी ४० लाख रोजगार निर्माण होतील आणि सुमारे ६० लाख जातील. बेरीज-वजाबाकी झकास. पण जाणाऱ्या ६० लाखांना आज चेहरा आहे, गाव आहे, कर्जाचा हप्ता आहे. येणारे रोजगार दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातांना, दुसऱ्या साली येणार आहेत. हे अंतर कागदावरच्या वजाबाकीनं मिटत नाही. ते हप्त्याहप्त्यानं, करारानं भरावं लागतं.

आणि शेवटचं, ज्यावर खरं तर तासभर बोलायचं होतं. जगात काम करणाऱ्यांपैकी सुमारे २ अब्ज, म्हणजे निम्म्याहून अधिक माणसं असंघटित क्षेत्रात आहेत. घरकाम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, घरी बसून शिवणाऱ्या. त्यांना मालक कोण तेच सांगता येत नाही, मग बोलायचं कुणाशी? काही जण म्हणतात, फाटकाला चौथी किल्ली करा. मला ते पटत नाही. चौथी किल्ली कोपऱ्यातल्या खिळ्यावर टांगली जाते आणि तिच्यासाठी वर्षातून एक परिसंवाद होतो. २०१५च्या शिफारस क्रमांक २०४मध्ये श्रम संघटनेनं म्हटलंय, की कामगारांच्या बाजूनं जे बसतात त्यांच्याच रांगेत असंघटितांच्या प्रातिनिधिक संघटनांची माणसं बसवावीत. म्हणजे तिसऱ्या किल्लीच्या नकला कराव्या लागतील, आणि आज ती ज्यांच्या कमरेला आहे त्या युनियनवाल्यांनाच त्या आपल्या हातानं वाटाव्या लागतील. मी हे एका युनियनच्या सभेत बोललो होतो. तिथेही मला अशीच चिठ्ठी आली होती, फक्त तिच्यावर ‘दोन मिनिटे’ लिहिलं होतं.

अध्यक्ष उभे राहिलेत. बसतो.