दोन बर्थ आणि लक्षद्वीप

नमस्कार मंडळी. क्रूझ म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर पांढरीशुभ्र दहा-बारा मजली बोट, वर स्विमिंग पूल, रात्री डीजे, कॅसिनो आणि बुफेला लाईन. हल्ली मुंबईहूनही तसल्या क्रूझ सुटतात, लोक जातात, धमाल करतात, माझं काही म्हणणं नाही. पण नवरा-बायकोला खरंच आराम हवा असेल, म्हणजे आरामच, इव्हेंट नव्हे, तर आज मी तुम्हाला सरकारी बोटीने लक्षद्वीपला जा असं सांगणार आहे. हो, सरकारी. हसू नका.

लक्षद्वीप प्रशासनाचं ‘समुद्रम’ नावाचं पॅकेज आहे, आम्ही दोघं त्यातून गेलो. कोचीच्या विलिंग्डन आयलंडवरून बोट सुटते आणि कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी तीन बेटं फिरवून परत कोचीला आणते. गंमत अशी की ह्या पॅकेजमध्ये बेटावर हॉटेल नाहीच, रात्री झोपायचं बोटीवर, तुम्ही घोरत असताना बोट चालत राहते आणि सकाळी डोळे उघडले की नवीन बेट समोर हजर. बॅगा एकदा कपाटात टाकल्या की टाकल्या. रोज चेक-इन चेक-आउट, टॅक्सीवाल्याशी हुज्जत, उद्या काय बघायचं यावरून नवरा-बायकोत वाद, ह्यातलं काहीच नाही, कारण ठरवायला तुमच्या हातात काही उरतच नाही!

आमची बोट होती एमव्ही कवरत्ती. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये बांधलेली, २००८ सालची, सातशे माणसं नेणारी. आम्ही डायमंड क्लास घेतला होता, नाव ऐकून नवऱ्याने काहीतरी भलतंच मनात धरलं असावं, आत जाऊन बघतो तर दोन साधे बर्थ, एक टेबल, एक गोल खिडकी आणि बाथरूम. स्वच्छ होतं, एसी चालत होता, अजून काय पाहिजे. जेवण केरळी पद्धतीचं, भात, सांबार, माशाचं कालवण, सकाळी पुट्टू नाहीतर अप्पम. पोळी-भाजीचा हट्ट असेल तर तो कोचीलाच सोडून निघा.

आणि एक सांगते, ही बोट नुसती टुरिस्टांची नाही, हे मला फार आवडलं. खाली बंक क्लासमध्ये बेटांवरची माणसं असतात. कोचीला दवाखान्यात आलेली आजी, कॉलेजातून सुट्टीला घरी निघालेली पोरं, गोणी, खोकी, कुणाचा नवा पंखा. त्यांच्यासाठी ही बोट म्हणजे आपली लाल एसटीच. आपण मजेसाठी चाललोय आणि शेजारचा माणूस घरी चाललाय, त्यामुळे वातावरण कसं साधं राहतं, कुणी नटूनथटून फिरत नाही.

कोची मागे पडलं की थोड्या वेळाने मोबाईलची रेंज जाते. एकेक दांडी कमी होत जाते आणि मग काहीच नाही. आमच्या नवऱ्याने पहिले काही तास फोन खिडकीला लावून बघितला, मग वरच्या डेकवर जाऊन बघितला, मग मला म्हणाला, "अगं, तुझ्या फोनला येतेय का?" मी म्हटलं, "अरे, ठेव आता तो." संध्याकाळपर्यंत त्याने खरंच ठेवला. आणि मग आम्ही बोलायला लागलो, किती तरी वर्षांनी, म्हणजे गॅसचं बुकिंग झालं का, लाईट बिल भरलं का, ह्याच्या पलीकडचं. मुलं लहान असताना राहून गेलेलं, त्याच्या पहिल्या नोकरीतलं, माझ्या आईचं. रात्री डेकवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो होतो, वारा एवढा की शब्द उडून जात होते आणि दोघांना अगदी कानाशी लागून बोलावं लागत होतं. लग्नानंतरही इतकं कानाशी बोललो नसू!

आता बोटीतून बेटावर कसं जायचं ते ऐका, कारण खरी मजा तिथे आहे. मोठी बोट सहसा किनाऱ्याला लागत नाही, ती बाहेर खोल समुद्रात उभी राहते. मग बेटावरून छोटी होडी येते, ती बोटीच्या अंगाला चिकटते आणि लाटेबरोबर वर-खाली, वर-खाली. बोटीच्या कुशीतलं दार उघडतात, दोन खलाशी तुमचे दोन दंड पकडतात आणि होडी वर आली की "जंप!" म्हणतात. विचार करायला वेळ नाही. एका वयस्कर बाईंनी साडी खोचली, देवाचं नाव घेतलं आणि अशी काही उडी टाकली की सगळ्या होडीने टाळ्या वाजवल्या. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे नवीन नाही म्हणा. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटी जायच्या तेव्हा बऱ्याच बंदरांत बोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं, सामानसुमान उतरवायचे. आमचे सासरे त्या गोष्टी रंगवून सांगायचे, आम्हाला वाटायचं तिखटमीठ लावतात. नाही हो, काही लावत नव्हते.

होडी थोडी पुढे गेली की एकदम पाण्याचा रंग बदलतो. इकडे गडद निळं, जवळजवळ काळं, आणि एक पांढरी फेसाची रेघ ओलांडली की हिरवट फिरोजी, तळ दिसणारं. ती रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत, रीफ. परातीच्या कडेसारखी ती भोवती उभी असते, लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते शांत. उथळ पाणी आणि खाली पांढरी प्रवाळाची वाळू, म्हणून तो रंग. अशी बेटं होतात कशी, हे चार्ल्स डार्विनने सांगून ठेवलंय. आधी ज्वालामुखीचा डोंगर असतो, त्याच्या कडेने प्रवाळ वाढतं, डोंगर हळूहळू खाली खचत जातो आणि प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतं. शेवटी डोंगर गायब, नुसतं कडं शिल्लक. लक्षद्वीपची ३६ बेटं, त्यातल्या १० वर माणसांची वस्ती, आणि सगळी मिळून जमीन किती, तर जेमतेम ३२ चौरस किलोमीटर!

कवरत्ती ही राजधानी. तिथे कोरीवकामाचं लाकडी छत असलेली उज्रा मशीद आहे ती बघाच. पण नवऱ्याचं सगळं लक्ष पाण्याच्या प्लांटवर. अशा बेटावर नदी नाही, ओढा नाही, पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो, तीच विहीर. जास्त उपसलं की खारं वर येतं. म्हणून २००५ मध्ये इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट बसवला, दिवसाला एक लाख लिटरचा. युक्ती सोपी आहे, वरचं समुद्राचं कोमट पाणी घ्यायचं, पंपाने हवा काढून दाब कमी केला की ते कमी तापमानालाच वाफ होतं, आणि ती वाफ थंड करायला साडेतीनशे मीटर खोलीवरून गार पाणी पाईपने वर आणायचं. वाफेचं झालं गोडं पाणी. नवरा हे मला रात्री कॅन्टीनमध्ये चहाचे दोन कप समोर ठेवून समजावत होता, शेजारच्या टेबलावरचं जोडपंही ऐकायला येऊन बसलं. झालं, सुट्टीतही ह्याचा क्लास सुरू.

कल्पेनीला पाण्यात उतरायचं. मला पोहता येत नाही, स्पष्ट सांगते, पण लाईफ जॅकेट असतं आणि लगूनमध्ये लाटा नाहीत. स्नॉर्केलिंगचा मास्क लावला की पहिली दोन मिनिटं जीव घाबरतो कारण नाकाने श्वास घ्यायची सवय, तोंडाने घ्यायचा हे शरीराला पटतच नाही. एकदा पटलं की मग डोकं वर काढावंसं वाटत नाही. माझ्या अगदी हाताच्या अंतरावर एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, हिरवा-निळा, चोचीसारखे दात, आणि त्याचा कर्र कर्र आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो. तो प्रवाळ खातो आणि मागून बारीक वाळू टाकतो. म्हणजे ज्या पांढऱ्या वाळूवर हनिमूनवाली जोडपी हृदय काढून फोटो काढतात, तिच्यातली बरीचशी माशाची विष्ठा आहे. नवऱ्याला हे सांगितल्यावर त्याने पायातल्या चपला परत घातल्या.

सगळं काही हिरवंगार नाही हेही सांगायला हवं. मध्येमध्ये प्रवाळाचे पांढरे सांगाडे दिसतात. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, २०१६ ला झालं, २०२४ मध्येही मोठ्या प्रमाणावर झालं. कल्पेनीने तर वादळंही सोसलीत, १८४७ च्या वादळात समुद्राने फेकलेल्या प्रवाळाच्या दगडांचा बांध अजून पूर्वेकडच्या किनाऱ्यावर आहे. तर कृपा करून प्रवाळावर पाय ठेवू नका आणि एक तुकडाही पिशवीत टाकू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

मिनिकॉय एकटं, पार दक्षिणेला. बाकीची बेटं आणि त्याच्या मध्ये नाईन डिग्री चॅनेल नावाचा समुद्राचा पट्टा, जिथून मोठमोठी मालवाहू जहाजं जातात, आणि पलीकडे मालदीव. भाषाही मल्याळम नाही, महल, मालदीवच्या भाषेचीच एक बोली. इथे इंग्रजांनी १८८५ मध्ये बांधलेलं दीपगृह आहे, पायऱ्या मोजत बसू नका, दम लागला की थांबा, पण वर जा. वरून अख्खं बेट चंद्रकोरीच्या आकाराचं दिसतं. इथले लोक टूना पकडतात तेही जाळ्याने नाही, जिवंत बारीक मासे आमिष म्हणून पाण्यात टाकायचे आणि काठीला गळ लावून एकेक टूना होडीत ओढायचा. बेटांवर घराणं पूर्वापार आईकडून चालतं. हे ऐकल्यापासून मी नवऱ्याला प्रत्येक जेवणाला आठवण करून देत होते.

कामाच्या दोन गोष्टी. भारतीय असलात तरी परमिट लागतं, पॅकेज घेतलं की ते काढून देतात, पण कागद आधी द्यावे लागतात, आदल्या दिवशी जाग येऊन उपयोग नाही. जायचं ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत, पावसात समुद्र खवळलेला असतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, उलटी झाल्यावर नाही. बांगारम बेटासारखे अपवाद सोडले तर बेटांवर दारूबंदी आहे, ज्यांना त्याशिवाय सुट्टी वाटत नाही त्यांनी वर सांगितलेली डीजेवाली बोट पकडावी. सध्या कुठली बोट चालू आहे, दर काय, हे लक्षद्वीप प्रशासनाकडून आधी विचारून घ्या, वेळापत्रक बदलत असतं. आणि परतीच्या दिवशीचं कोचीहून ट्रेनचं तिकीट काढू नका, हवा बिघडली की बोट उशिरा येते. एक रात्र कोचीत ठेवा, फोर्ट कोचीला चिनी जाळी बघा, मासे खा आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने या.